चिठ्ठी कोणी टाकली याचा शास्त्रशुद्ध शोध

२ ऑक्टोबर, सोमवार

गांधी जयंतीचा कार्यक्रम उरकल्यावर मोठ्या मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. बसा म्हणाल्या. एकोणीस वर्षांत कधी बसा म्हणाल्या नव्हत्या.

टेबलावर सूचना पेटी उघडी पडलेली. त्यातली एक चिठ्ठी त्यांनी माझ्यापुढे सरकवली. मी चौथी शिकलेली, पण अक्षराला अक्षर लावून वाचते. लिहिलं होतं, दारातल्या बाई फार खेकसतात, प्रयोगाला यायची भीती वाटते. खाली नाव नाही, सही नाही. भित्रट मेला.

मॅडम म्हणाल्या, एकतीस तारखेला ठरवते. तोपर्यंत तुमचं वागणं बघते. सुधारणा दिसली नाही तर तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये बदली. दारात दुसरं कुणीतरी बसेल.

मी म्हटलं, मी खेकसत नाही. मॅडम म्हणाल्या, बाई, हळू.

मानसशास्त्र विभागाच्या दारातलं ते टेबल माझं आहे. चाव्यांचा बोर्ड माझा, घंटा माझी, संमतीपत्रांचा गठ्ठा माझा. प्रयोगाला येणाऱ्या पोरांची नोंद मी ठेवते. कोणी कुठल्या खोलीत जायचं, कुठल्या खुर्चीवर बसायचं, पेन कुठे परत ठेवायचं, सगळं मी सांगते. मी नसते तर निम्मी पोरं चुकून संडासात बसून प्रयोग देऊन आली असती. तळघरात काय आहे? कागद. कागदांना रांगेत उभे राहा म्हणून कोण सांगणार?

ज्यानं चिठ्ठी टाकली त्याला शोधणार. आणि शोधल्यावर सोडणार नाही.

३ ऑक्टोबर, मंगळवार

बारीक सर पहिल्या वर्षाला संशोधन पद्धती शिकवतात. मंगळवार आणि गुरुवार. त्यांच्या प्रोजेक्टरची वायर सैल आहे, कोणीतरी धरून बसल्याशिवाय चित्र दिसत नाही. म्हणून मी स्टुलावर बसून धरते. सहा वर्षं धरतेय. म्हणजे पोरं पहिलं वर्ष एकदा करतात, मी सहा वेळा केलंय. आणि एकदाही झोपले नाही.

आज गृहीतक होतं. आधी मनाशी एक अंदाज धरायचा, मग तो तपासायचा. एवढंच. लोक यासाठी फी भरतात!

माझा अंदाज तयार आहे. स्टेपलरवाला.

हा आमच्या विभागाचा क्लार्क. माझ्या टेबलासमोर त्याचं टेबल, मधे फक्त पॅसेज. दिवसभर खट् खट्. सुटा कागद दिसला की त्याचा जीव कासावीस होतो. नऊ वर्षांपूर्वी यानं माझा रजेचा अर्ज आणि माझंच गॅसचं बिल एकत्र स्टेपल करून वर पाठवलं. बिल वर होतं. मॅडमनी बिल मंजूर केलं. माझी रजा गेली, मावसबहिणीच्या लग्नाला मी पोचले नाही. मी विसरलेले नाही.

पुरावा : चिठ्ठीच्या कोपऱ्यात दोन बारीक भोकं. स्टेपलरची पिन काढल्याची. अजून काय पाहिजे?

सर म्हणाले, अंदाज खोटा ठरण्याचीही तयारी ठेवावी लागते. ते पोरांसाठी म्हणाले.

३ ऑक्टोबर, संध्याकाळी

ह्यांना सांगितलं. हे शर्टाला काज करत बसले होते. मान वर न करता म्हणाले, अगं पण तू खेकसतेसच की. मी म्हटलं, कोण खेकसतंय, मशीनच्या आवाजात मोठ्यानं बोलावं लागतं. हे म्हणाले, मशीन बंद आहे.

घरच्या माणसाचं मत संशोधनात धरायचं नाही, असं मी ठरवलं आहे.

५ ऑक्टोबर, गुरुवार

पद्धत पहिली : निरीक्षण. खुर्ची फिरवून त्याच्याकडे तोंड करून बसले. वही मांडीवर.

११.०५ नाक खाजवलं.
११.२० माझ्याकडे बघितलं.
११.२१ खाली बघितलं. (चोर.)
११.४० परत बघितलं. विचारलं, काय झालं बाई? मी म्हटलं, काही नाही, तुमचं चालू द्या.
११.४५ लोखंडी कपाटाचं दार उघडलं आणि दाराच्या आड खुर्ची ओढून बसला.

मन साफ असलेला माणूस कपाटाच्या दाराआड कशाला बसेल?

मधे दोन पोरी आल्या, मावशी खोली नंबर तीन कुठे आहे म्हणून. मी म्हटलं, मधे कडमडू नका, निरीक्षण चालू आहे. गेल्या. परत आल्या नाहीत. आजकालच्या पोरींना चिकाटी नाही.

दुपारी सरांनी नेमकं हेच शिकवलं. कोणी बघतंय हे कळलं की माणूस वेगळा वागतो, म्हणून बघणाऱ्यानं दिसू नये. हे सकाळी सांगायला काय झालं होतं?

६ ऑक्टोबर, शुक्रवार

चाकाच्या फळ्यामागे उभी राहिले. तीन तास. फळा गुडघ्यापर्यंतच येतो हे लक्षात आलं नाही. मोठ्या मॅडम जाता जाता थांबल्या. माझ्या चपलांना म्हणाल्या, बाई, तुम्ही फळ्यामागे काय करताय? मी म्हटलं, पुसतेय. म्हणाल्या, मागच्या बाजूनं? मी म्हटलं, मागची बाजू कोणी पुसत नाही, हेच तर दुखणं आहे या विभागाचं.

मॅडमनी त्यांच्या वहीत काहीतरी लिहिलं. बहुतेक फळ्याबद्दल.

१० ऑक्टोबर, मंगळवार

पद्धत दुसरी : सर्व्हे. सर दर वर्षी सांगतात, प्रश्न सोपा असावा, सरळ असावा, उत्तर देणाऱ्यावर दडपण नको. मी रविवारी घरी बसून तयार केला.

प्रश्न १. निनावी चिठ्ठी टाकणारा माणूस नीच असतो का? हो / होच.
प्रश्न २. ती चिठ्ठी स्टेपलरवाल्यानंच टाकली असं तुम्हालाही वाटतं ना? हो / होच.

सोपा आहे. सरळ आहे. दडपण कुठेच नाही, दोन-दोन पर्याय दिलेत.

आधी थोड्या लोकांवर करून बघायचं असतं. ह्यांना दिला. ह्यांनी पेनानं तिसरा पर्याय लिहिला, मला काय माहीत, आणि त्यावर खूण केली. कागद फाडला. अगदीच वेगळं उत्तर आलं तर कधी कधी ते बाजूला काढतात, असं सर मागच्या वर्षी म्हणाले होते.

अडचण एकच. विभागात झेरॉक्स मशीनची चावी स्टेपलरवाल्याकडे. तीस प्रती काढून द्या म्हटलं. कागद पालथा दिला होता. पण मशीनमध्ये घालताना सुलटा झालाच असणार. प्रती दिल्या तेव्हा बघितलं तर माझ्या हस्तलिखितातल्या दोन चुका बारीक अक्षरात दुरुस्त केलेल्या, आणि प्रत्येक प्रतीला मागे एक कोरा कागद जोडून खट् खट्. म्हणाला, कोणाला जास्त लिहायचं असेल तर.

काय निगरगट्ट माणूस आहे!

१२ ऑक्टोबर, गुरुवार

सर्व्हे झाला. सव्वीस लोक. सव्वीसच्या सव्वीस हो. त्यातले अकरा होच.

सगळं नियमानं केलं. आधी संमतीपत्रावर सही, मग प्रश्न. सहीशिवाय मी कोणाला खोलीत पाऊल टाकू देत नाही; पीएचडीच्या एका पोराला एका फॉर्मपायी तीनदा घरी पाठवलंय. लक्ष विचलित होऊ नये म्हणून दार आतून लावून घेतलं. प्रश्न कळावा म्हणून प्रत्येकाच्या डोक्याशी उभी राहिले. एक पोरगी रडली. हळवी असेल. एकानं विचारलं, मावशी, सगळ्यात पटकन कसं सुटता येईल? मी म्हटलं, होच वर खूण कर.

बारीक सरांना सहज म्हणून सांगितलं, एक सर्व्हे आहे, शंभर टक्के आलेत. म्हणाले, मावशी, शंभर टक्के कधी येत नाहीत हो. मी म्हटलं, तुमचे येत नसतील.

एकतीस तारखेला ही फाइल मॅडमच्या टेबलावर आपटणार. मग तळघरात कोण जातं ते बघू. स्टेपलरसकट जाईल.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

आज खरा प्रयोग शिकवला. दोन गट करायचे. एका गटाला काहीतरी करायचं, दुसऱ्याला काहीच करायचं नाही. दुसरा तो कंट्रोल ग्रुप.

लगेच गट पाडले. प्रयोग गट : स्टेपलरवाला. कंट्रोल ग्रुप : उरलेला विभाग.

अंदाज असा. ज्याच्या मनात पाप आहे तो त्रास झाला तरी तक्रार करणार नाही, मुकाट सोसेल. म्हणून उद्यापासून प्रयोग गटाला : १) चहा बिनसाखरेचा. २) लंगडी खुर्ची. ३) संडासाची चावी हरवली म्हणून सांगायचं.

आणि तक्रार केलीच, तर तो तक्रारखोर आहे हे सिद्ध होतं. म्हणजे चिठ्ठी त्याचीच. इकडून आला तरी सापडतो, तिकडून आला तरी सापडतो. सरांनासुद्धा इतका पक्का प्रयोग जमलेला नाही.

बिचाऱ्याची कीव करायची नाही असं ठरवलं. ठरवावं लागलं नाही.

१८ ऑक्टोबर, बुधवार

चहा : प्यायला. म्हणाला, बरं केलंत बाई, डॉक्टर साखर सोडा म्हणून मागेच लागलेत.
खुर्ची : दोनदा डुगडुगली. मग चार कागद घडी करून एकत्र स्टेपल केले आणि पायाखाली सारले.
चावी : नाही म्हटल्यावर समोरच्या इमारतीत गेला. तिथला संडास चौथ्या मजल्यावर आहे. तीन वेळा गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा कठड्याला धरून उभा राहिला थोडा वेळ.

एक शब्द तक्रार नाही. सिद्ध!

कंट्रोल ग्रुपमधून मात्र तक्रार आली. लायब्ररीतल्या बाई म्हणाल्या, तुमच्या आवाजानं वाचनकक्ष रिकामा झाला. त्यांना म्हटलं, तुम्ही कंट्रोल ग्रुप आहात, तुम्हाला काहीही होत नाहीये.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

बारीक सर उदास. म्हणाले, मावशी, प्रयोगाला पोरंच येईनात, माझं संशोधन अडलंय. नोंदवही बघितली. सप्टेंबरमध्ये चौऱ्याऐंशी. या महिन्यात आतापर्यंत एकोणीस.

मी म्हटलं, साधी गोष्ट आहे सर, महिन्याच्या सुरुवातीला ती चिठ्ठी निघाली आणि पोरं घटली. चिठ्ठीमुळे घटली. सर म्हणाले, दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं नसतं, मधे तिसरंच कारण असू शकतं. असं म्हणून माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, बघताय काय, तिसरं कारण तिकडे समोर बसलंय, खट् खट् करत.

चार वाजता एक मुलगा दारापर्यंत आला, मला बघितलं, मागे वळला. मी खिडकीतून हाक मारली, ए, इकडे ये, कोणी खातंय का तुला? तो पळाला. कशाला पळाला काही कळलं नाही.

२४ ऑक्टोबर, मंगळवार

आज नीतीचे नियम. सर म्हणाले, प्रयोगात कोणापासून काही लपवलं असेल तर प्रयोग संपल्यावर त्या माणसाला समोर बसवून सगळं खरं सांगायचं. काय केलं, का केलं. नाही सांगितलं तर तुम्ही संशोधक नाही, फसवे आहात.

वायर हातातून निसटली. चित्र गेलं. पोरं हसली.

मी फसवी नाही. माझा सूड आहे, पण नियमातला सूड आहे.

२५ ऑक्टोबर, बुधवार, दुपारी

स्टेपलरवाल्याला खोली नंबर तीनमध्ये बसवलं. प्रयोगाची खुर्ची दिली. सगळं वाचून दाखवलं. फळा, सर्व्हे, चहा, खुर्ची, चावी. तो मधे एकदाच बोलला. म्हणाला, चावी होती म्हणजे? मी म्हटलं, होती, माझ्या कमरेला. मग तो स्वतःच्या गुडघ्याकडे बघत बसला.

म्हणाला, आणि हे सगळं लिहून ठेवलंय तुम्ही? मी म्हटलं, तारीखवार. सही करा. त्यानं सही केली. सगळे कागद घेतले, कडा जुळवल्या, खट्.

मग म्हणाला, बाई, ऐका माझं. ही फाइल मॅडमकडे देऊ नका.

घाबरला! अखेर घाबरला!

मी म्हटलं, का हो, आता का? म्हणाला, तुमच्याच भल्याचं सांगतोय, माझ्याकडे द्या, कुठेतरी जुन्या गठ्ठ्यात लावून टाकतो, कोणी बघायचं नाही. हात पुढे केला होता त्यानं. पुरावा नष्ट करायला निघाला होता, भर दुपारी, माझ्या तोंडावर! मी फाइल छातीशी धरली आणि म्हटलं, नऊ वर्षांपूर्वी माझे कागद तुमच्या हातात दिले होते, तेवढं पुरे झालं.

तो म्हणाला, ते बिल वर कसं आलं, मला आजपर्यंत कळलं नाही हो.

म्हणे कळलं नाही.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

एकतीसची वाट कशाला बघायची? फाइल मॅडमना स्वतःच्या हातानं दिली. आपटायची होती, पण टेबलावर त्यांचा चष्मा होता. मॅडमनी पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. म्हणाल्या, बाई, हे तुम्ही केलंत? मी म्हटलं, एकटीनं. म्हणाल्या, बरं, जा तुम्ही.

आवाज बसला होता त्यांचा. भारावल्या असतील.

घरी ह्यांना म्हटलं, स्टेपलरवाला गेला आता तळघरात. हे म्हणाले, तो सही करताना काय म्हणाला होता? सांगितलं. ह्यांनी दोरा तोंडात धरला होता तो काढला, काहीतरी बोलणार होते, परत धरला.

३० ऑक्टोबर, सोमवार

दारातलं टेबल पुसलं. आतून, खालून, पायसुद्धा. चाव्या नंबरानं लावल्या. समोर खट् खट् कमी होतं आज. मी मुद्दाम दोन-तीनदा मोठ्यानं हसले. त्यानं बघितलं नाही.

३१ ऑक्टोबर, मंगळवार

मॅडमनी परत बसा म्हटलं.

सूचना पेटी टेबलावर उलटी केली. चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. मॅडम म्हणाल्या, जूनपासूनच्या आहेत, एक्केचाळीस तुमच्याविरुद्धच्या. त्या दिवशी त्यातली सगळ्यात सौम्य होती ती दाखवली, तुमचं मन दुखावू नये म्हणून.

सगळ्या चिठ्ठ्यांना कोपऱ्यात दोन भोकं. पेटीजवळ लिहायला कागद लागतात. जुन्या फॉर्मचे पाठकोरे तुकडे. पिना काढून तिथे मीच ठेवते, दर सोमवारी.

मग मॅडमनी माझी फाइल उघडली. सर्व्हेला मागे जे कोरे कागद जोडले होते त्यांवर पोरांनी लिहिलं होतं. मी मागचं पान बघितलंच नव्हतं. मॅडमनी वाचून दाखवलं. दार बंद होतं म्हणून हो लिहिलं. मावशी डोक्याशी उभ्या होत्या. हे काका कोण आहेत मला माहीत नाही. एकानं नुसतं लिहिलं होतं, सॉरी काका.

मॅडम म्हणाल्या, मला ठरवायला अवघड जात होतं बाई, एकोणीस वर्षांचं माणूस. तुमच्या फाइलनं सोपं केलं. सह्यांसकट, तारखांसकट. असं काटेकोर काम आमच्या पीएचडीवाल्यांना जमत नाही.

मी म्हटलं, थँक्यू. तोंडातून निघून गेलं.

उठले तेव्हा त्यांनी एक चिठ्ठी वेगळी काढून दिली. म्हणाल्या, तुमच्या बाजूची ही एकच, तुम्ही ठेवा. बाहेर येऊन जिन्यात वाचली. वेळ लागला. लिहिलं होतं, बाई ओरडतात हे खरं आहे, पण त्या दारात असल्या की एक कागद, एक चावी, एक पोरगं हरवत नाही, त्यांना तळघरात पाठवू नये ही विनंती. खाली पूर्ण नाव, हुद्दा, सही. एवढ्या चिठ्ठ्यांत सही असलेली एकच.

तारीख अकरा ऑक्टोबर. मी सर्व्हे झेरॉक्सला दिला त्याच्या दुसऱ्या दिवशीची.

आज पुढे काही लिहायचं नाही.

२ नोव्हेंबर, गुरुवार

तळघर. एक ट्यूबलाइट, अकरा रॅक. सकाळपासून कोणी नाही. एक रॅक वाकडा होता त्याला झापलं. 

बारा वाजता बारीक सर जुने अहवाल शोधत आले. वायर आता कोण धरतं विचारलं. म्हणाले, नवी आणली, शंभर रुपयांची होती. मग मी विचारलं, सर, समजा एक्केचाळीस लोक एक बोलतात आणि एकटा माणूस उलटं बोलतो, तर त्या एकट्यावरून काय सिद्ध होतं? म्हणाले, शास्त्राच्या दृष्टीनं फारसं काही नाही मावशी. मी म्हटलं, तेच मी म्हणते. म्हणजे कोणाला थँक्यू वगैरे म्हणायला जायचं कारण नाही. सर म्हणाले, काय? मी म्हटलं, काही नाही, पाय उचला, झाडतेय.

चार वाजता वर गेले. उगाच. दारातल्या टेबलावर नवी मुलगी बसली होती, गोड बोलत होती सगळ्यांशी. चाव्या उलट्यापालट्या. बघितलं नाही तिकडे. सरळ स्टेपलरवाल्याच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. त्यानं वर बघितलं. म्हणाला, या बाई. घरून ठरवून आले होते काय बोलायचं ते. दोनच शब्द होते. ते काही केल्या येईनात. शेवटी खेकसले, लक्ष कुठे असतं तुमचं, कागद खाली पडलाय!

कागद पडलेला नव्हता. तरी तो टेबलाखाली पूर्ण वाकला, इकडे तिकडे बघितलं, वर आला आणि मला म्हणाला, थँक्यू हं बाई.